नाव न सांगायची मुळी

लंका झोपेत दात खायची.

झोपेत दात खाणारं मूल नाही असं घर आपल्याकडं शोधायला निघालं तर जोडे झिजतील, तेव्हा यात नवल काही नव्हतं. पोरगी सहा-सात वर्षांची. हातपाय काडीसारखे, पोट मात्र सावकाराला शोभेल असं पुढं आलेलं. नाक खाजवायची, भिंतीची माती खायची, भाकरी नको म्हणायची आणि गूळ दिसला की उठून बसायची. बहात्तरच्या दुष्काळात तिच्याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही, कारण त्या साली सगळीच पोरं तशी दिसत होती. त्र्याहत्तरला पाऊस झाला, बाजरी पिकली, बाकीच्या पोरांच्या अंगावर मूठमूठ मांस चढलं आणि लंका होती तशीच राहिली. तेव्हा कुठं तिच्या घरात कळलं, की पोरीला जंत झाले आहेत.

घर गर्जे वस्तीवरचं. तिथून तिसगाव बैलगाडीनं तासाभराच्या वाटेवर. घरात मोठी माणसं तीन: आजी चांगुणाबाई, बाप सोपान आणि आई रतनबाई. जंताचं तिघांनाही कळलं, पण कुणी कुणाला बोललं नाही. आपल्याकडं भांडण चारचौघांत करतात आणि औषध चोरून देतात. त्याला कारण आहे, आणि ते कारण म्हणजेच ही गोष्ट.

चांगुणाबाई जंताची मुळी द्यायच्या. आसपासच्या वस्त्यांवरून बाया पोरं घेऊन त्यांच्याकडं यायच्या. चांगुणाबाई मागच्या दाराशी बसून काहीतरी उगाळायच्या आणि वाटीभर कडवट पाणी पोराच्या नरड्यात ओतायच्या. पोरगं थुंकायचं, रडायचं आणि दुसऱ्या दिवशी बहुतेक बरं व्हायचं. पैसा त्या घेत नसत. पैसा घेतला की गुण जातो. आणि मुळीचं नाव कुणाला सांगत नसत. नाव सांगितलं तरीही गुण जातो. त्यांची सासू आक्काबाई हिनं मरताना त्यांना जवळ बोलावून कानात मुळीचं नाव सांगितलं होतं. त्यासोबत आणखी एक गोष्ट सांगितली होती: औषध पोटात असताना नाव उच्चारलं, तर गुण नुसता जात नाही, त्याचं इख होतं, विष होतं. चांगुणाबाईंनी ते नाव तीस-पस्तीस वर्षं दातांखाली धरून ठेवलं होतं. स्वतः मरताना रतनबाईच्या कानात सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. रतनबाईला त्याची घाई नव्हती, चांगुणाबाईंना तर त्याहून नव्हती.

घरामागं एक डाळिंबाचं झाड होतं. चांगलं जोमदार, लालभडक फुलं यायची, पण फळ म्हणून धरत नव्हतं. बुडाशी माती सदा उकरलेली. ती घुशीनं उकरलेली, असं घरात ठरलेलं होतं. आणि फळ धरत नाही ते शेजारच्या छबूबाईची नजर वाईट म्हणून, असंही ठरलेलं होतं. कोणी ठरवलं होतं ते कुणाला आठवत नव्हतं, पण छबूबाईच्या कानावर ते दर वर्षी फुलांच्या मोसमात पोचत होतं. छबूबाई विधवा बाई, एकटी राहायची. ती डाळिंबाकडं पाठ करून धुणं वाळत घालायची.

आता सोपान. आपल्या आईची मुळी परक्या पोरांना लागू पडते हे त्याला मान्य होतं, पण घरच्या माणसाला घरचं औषध लागू पडत नाही, हेही त्यानं ऐकलं होतं. त्यानं तिसगावच्या बाजारात फडक्यावर बाटल्या मांडून बसलेल्या एका माणसाकडून 'हिमालयातली बुटी' घेतली. कसली बुटी, ते सोपाननं विचारलं. तो माणूस म्हणाला, "पाव्हणं, नाव सांगितलं तर हिमालय कोपंल." सोपानला ते पटलं.

आणि रतनबाई. ती शिकलेली होती, चौथीपर्यंत. तिचा मुळीवरही विश्वास नव्हता आणि बुटीवरही. तिनं माहेरी जाते म्हणून सांगितलं, तिसगावला भळगट डॉक्टरांचा दवाखाना गाठला आणि गुलाबी पाण्याची बाटली आणली. बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवलेली, पट्टीला कात्रीनं खाचा पाडलेल्या. एक खाच म्हणजे एक डोस. बाकी काही लिहिलेलं नव्हतं. डॉक्टरांनी "कोणत्याही दिवशी, अनशापोटी" असं सांगितलं होतं. पण जंत अमावास्येला तोंड वर करतात, त्या दिवशी औषध दिलं की मुळासकट पडतात, हे रतनबाई लहानपणापासून ऐकत आली होती. औषध तिनं डॉक्टरांचं घेतलं, दिवस मात्र सासूचाच धरला.

सोपाननंही अमावास्याच धरली होती. चांगुणाबाईंचा तर तो हक्काचाच दिवस.

औषधाच्या आधी पोराला गूळ खायला देतात. गुळाच्या वासानं जंत गोळा होतात, म्हणजे मग औषध थेट त्यांच्यावर पडतं, अशी समजूत. त्या सकाळी लंकेला गोठ्यात आजीनं गूळ दिला आणि मग वाटी दिली. चुलीपाशी आईनं गूळ दिला आणि मग गुलाबी पाणी दिलं. बापानं तिला बांधावर नेऊन गूळ दिला आणि मग पुडीतली भुकटी चारली. लंकेला एवढा गूळ वर्षात मिळाला नव्हता. तिघांनी एकच बजावलं: कुणाला सांगू नको, सांगितलंस तर गुण जाईल. पोरगी गुणाची. तिनं कुणाला सांगितलं नाही.

दिवस कासराभर वर आला तेव्हा लंका अंगणात चालता चालता पडली. उठली, दोन पावलं गेली, पुन्हा पडली. मग ओकली. रतनबाई धावत आली तर पोरगी तिच्या तोंडाकडं न बघता तोंडाच्या बाजूला बघत म्हणाली, "आई, तू दोन झालीस."

सोपाननं गाडी जुंपली. रतनबाईला एकटीला पोरगी सावरेना, म्हणून छबूबाई न बोलावता गाडीत चढली आणि लंकेचं डोकं तिनं मांडीवर घेतलं. चांगुणाबाई पुढं बसल्या. वाटभर तिघांच्या मनात एकच गोष्ट होती आणि प्रत्येकाला वाटत होतं, की ती आपल्या एकट्याच्याच मनात आहे.

भळगट डॉक्टर माणूस सरळ होता. बाकावर दहा-बारा रोगी बसले होते, त्यांना तसंच ठेवून त्यांनी लंकेला आधी टेबलावर घेतलं. नाडी पाहिली, पापण्या वर करून डोळे पाहिले. त्यांचा चेहरा उतरला.

"काय दिलंय हिला?"

"काय न्हाई," सोपान म्हणाला.

"काय न्हाई," रतनबाई म्हणाली.

चांगुणाबाई भिंतीकडं बघत होत्या.

"काहीच न खाता पोरगी अशी होत नाही." डॉक्टर लंकेकडं वाकले. "बाळ, सकाळी काय खाल्लंस?"

लंकेनं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले आणि मान हलवली.

डॉक्टरांनी कंपाउंडरला सुई उकळायला सांगितली. मग तिघांकडं वळून ते हळू आवाजात बोलले, पण दवाखाना एवढा लहान होता, की शेवटच्या बाकावरही ऐकू गेलं. "हिच्या डोळ्यांतल्या बाहुल्या बघा, केवढ्या झाल्यात. धोतरा पोटात गेला की अशा होतात. धोतराच असेल तर माझ्याकडं त्यावर सुई आहे. पण धोतरा नसला आणि मी ती टोचली, तर ती सुईच पोरीला घेऊन जाईल. मला भांडायचं नाही, हसायचं नाही, कुणाला नावं ठेवायची नाहीत. काय दिलंत ते सांगा. वेळ फार नाही."

आधी रतनबाई फुटली. सासूकडं न बघता तिनं पदराखालून बाटली काढली. "म्या हे दिलं. आत्याबाईंना कळू नये म्हणून पदरात लपवून फिरते."

डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली. "हे तर माझंच."

"व्हय. तुमीच दिलंत."

"किती दिलंस?"

"एक खाच. मंग म्हटलं, लौकर पडावेत, म्हणून अजून एक."

सोपाननं बायकोकडं पाहिलं. मग खिशात हात घालून अर्धी पुडी टेबलावर ठेवली. "म्या बी दिलं."

डॉक्टरांनी भुकटी हुंगली, जिभेला लावली आणि थुंकली. "पळसाच्या बिया आहेत. कुठून आणल्यास?"

"हिमालयातली हाय."

"तुमच्या वस्तीच्या बांधावर पळस किती आहेत?"

"लई हायती," सोपान म्हणाला.

"पळसानं पोट मुरडेल, ओकारी होईल. माझ्या औषधानं तोल जाईल. पण डोळे एवढे या दोन्हींनी व्हायचे नाहीत. तिसरं काहीतरी आहे." डॉक्टर थांबले. सोपान आणि रतनबाई दोघंही एकदमच वळले.

"आत्याबाई," रतनबाई म्हणाली, "तुमी?"

चांगुणाबाईंनी पदर पुढं ओढून घेतला.

"आये, बोल की," सोपान म्हणाला. "मुळी दिलीस न्हवं? कशाची हुती?"

"नाव काढता येत न्हाई."

"आजीबाई," डॉक्टर म्हणाले, "नाव सांगितल्यानं गुण जातो म्हणून? जाऊ द्या गुण. पोरगी राहिली पाहिजे."

"तुमाला वाटतंय म्हातारी आपला मान जपतीया," चांगुणाबाई म्हणाल्या. "मान घाला चुलीत. औषध तिच्या पोटात हाय अजून. आत्ता नाव काढलं तर त्येचं इख हुईल. माज्या सासूनं मरताना सांगितलंय. मरताना कोन खोटं बोलतं का?"

"खोटं बोलत नाही. पण चुकतं माणूस मरताना सुद्धा. तुमच्या सासूला तिच्या सासूनं सांगितलं, तिनं खरं मानलं. यात कुणी लबाड नाही. पण जरा विचार करा. मुळी मातीतली. तिला कान नाहीत. तुम्ही तिचं नाव घेतलं काय, न घेतलं काय, तिला कळणार कसं? नाव लपवायची रीत मुळीनं नाही पाडली, माणसानं पाडली. बाकीच्यांना कळू नये, सगळ्यांनी आपल्याच दाराशी यावं, असं कधीतरी कुणाला तरी वाटलं असेल. पुढच्यांना ते कारण सांगायची लाज वाटली, म्हणून गुण जातो असं सांगितलं."

चांगुणाबाईंनी टेबलावरच्या बाटलीकडं बोट केलं.

"मंग ह्या बाटलीवर नाव का न्हाई?"

डॉक्टरांनी बाटलीकडं पाहिलं.

"माजी सून शिकलेली हाय. तिला वाचता येतं. तिनं काय वाचायचं, खाचा? तुमी कुनाच्या सासूला शब्द दिलाय, डाक्टर?"

बाकावरचा एक म्हातारा हसायला लागला आणि कुणीच हसत नाही असं पाहून थांबला. भळगट डॉक्टरांनी बाटली उचलली, क्षणभर हातात फिरवली.

"बरोबर बोललात," ते म्हणाले. "याचं नाव पायपराझिन. जंतावरचंच आहे. नाव लिहिलं तर लोक नगरहून परस्पर विकत आणतील, माझ्याकडं येणार नाहीत, म्हणून लिहीत नव्हतो. नाव असतं, तर हिनं ते तुम्हाला दाखवलं असतं की नाही, मला माहीत नाही. पण दाखवायची सोयच मी ठेवली नव्हती. हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. आता तुम्ही सांगा."

चांगुणाबाईंचे ओठ हलले. पण तीस-पस्तीस वर्षं मिटलेलं तोंड एका बोलण्यानं उघडत नाही. त्या नातीकडं बघत उभ्या राहिल्या. नाव सांगावं तर आपल्या तोंडानं पोरीला मारल्यासारखं होईल आणि न सांगावं तर डॉक्टरांच्या हातून मरेल, असा पेच त्यांच्यापुढं होता. अशा वेळी आपण बाहेरचे लोक सहज म्हणतो, अडाणी म्हातारी. पण वाचकहो, लेकराच्या जिवाला धोका होईल असं खरंच वाटत असताना, ते नाव उच्चारायला तुमचीआमची जीभ उचलली असती का, हे एकदा स्वतःला विचारून पाहावं.

कंपाउंडर सुई घेऊन आला.

तेव्हा टेबलावरून बारीक आवाज आला. लंकेनं तोंडावरचे हात काढले होते.

"आजी, म्या न्हाई सांगितलं. आईचं बी न्हाई, आबाचं बी न्हाई, तुजं बी न्हाई. तरी पोटात लई दुखतंय." थोडं थांबून ती म्हणाली, "गुण कवा येनार?"

चांगुणाबाई टेबलापाशी गेल्या. नातीचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला.

"डाळिंब!" त्या म्हणाल्या. एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, की रस्त्यावरचा माणूस आत डोकावला. "डाळिंबाच्या मुळाची साल. घरामागच्या झाडाची. उगाळून दिली. दुसऱ्याच्या पोराला देते त्याच्यापेक्षा जास्तीच दिली. नात हाय म्हनून."

बोलून झाल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले, जणू आता काय होतंय ते बघायचं नाही. काहीच झालं नाही. लंकेनं आजीच्या हातातला हात तसाच ठेवला.

डॉक्टरांनी सुई परत ट्रेमध्ये ठेवली. "त्या सालीनंही बाहुल्या अशाच होतात. ही टोचली असती तर..." ते म्हणाले आणि वाक्य पुरं न करता कंपाउंडरकडं वळले. "नळी आण. पोट धुवायचंय. सलाईनची बाटली काढ."

मग बराच वेळ दवाखान्यात नळीचा आणि पाण्याचा आवाज होता. कोपऱ्यात उभी असलेली छबूबाई तेवढ्यात पदरानं हात पुसत चांगुणाबाईंजवळ आली. हळूच म्हणाली, "म्हंजे वैनी, तुमचं डाळिंब माज्या नजरंनं न्हाई वांझ झालं. मुळंच न्हाईत त्याला."

चांगुणाबाईंनी तिच्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सरळ पाहिलं असावं. "न्हाई," त्या म्हणाल्या. "तुजी नजर न्हाई. माजं खुरपं."

दिवस मावळायच्या आत लंकेला आई एकच दिसायला लागली. डॉक्टरांनी तिला रात्रभर ठेवून घेतलं. दुसऱ्या सकाळी तिचे जंत पडले, थोडेथोडके नव्हेत. आता ते आजीच्या मुळीनं पडले, बापाच्या बुटीनं पडले की डॉक्टरांच्या पाण्यानं, यावर सोपाननं परतीच्या वाटेवर बोलायला सुरुवात केली होती. रतनबाईनं त्याच्याकडं एकदा पाहिलं, तेव्हा त्यानं बैलांकडं लक्ष दिलं. चांगुणाबाई मात्र वेगळंच काही मनात घोळवत होत्या. नाव तर भर दवाखान्यात घेतलं होतं, आणि जंत तरीही पडले होते.

निघण्याआधी त्यांनी डॉक्टरांना विचारलं होतं, "मंग माजी मुळी खोटी म्हनायची?"

"अजिबात नाही," डॉक्टर म्हणाले होते. "आमच्या पुस्तकात आहे ती. पळस आहे, वावडिंग आहे, डाळिंबाची साल आहे. जंतावर औषध आहे म्हणूनच ती जहालही आहे. औषध आणि इख एकाच मुळीत नांदतात, आजी. मध्ये भिंत असते ती मापाची. माप ठेवायचं तर आधी नाव पाहिजे. काय दिलं, किती दिलं, आधी कुणी काय दिलंय, हे बोललं गेलं पाहिजे. तुमच्या घरात तीन माणसांनी प्रेमच केलं पोरीवर. नुसतं एकमेकांना सांगून केलं असतं, तर दवाखान्यात यावं लागलं नसतं." आणि दाराशी येऊन त्यांनी आणखी सांगितलं, "जंत गुळानं होत नाहीत. पोरं ज्या ओढ्याकाठी परसाकडला बसतात, त्याच ओढ्याचं पाणी पितात, तिथलीच माती खातात, त्यानं होतात. ते थांबलं नाही, तर पुढच्या अमावास्येला पुन्हा मला भेटाल."

सोपाननं त्या हिवाळ्यात घरापासून लांब, ओढ्याच्या खालच्या अंगाला, परसाकडला बसायला एक खड्डा खणला आणि भोवती तट्ट्या उभ्या केल्या. वस्तीवरच्या लोकांनी त्याला नाव ठेवलं, 'सोपानचा हिमालय.' हसत हसत तीन घरांनी तसेच खड्डे खणले. बाकीची अजून हसत आहेत. त्यांचीही पाळी येईल.

भळगट डॉक्टरांच्या बाटल्यांवर खाचांच्या पट्टीशेजारी आता दुसरा कागद असतो, त्यावर औषधाचं नाव असतं. सुरुवातीला काही रोगी नगरहून परस्पर औषध घेऊन आले, हे खरं. मग माप विचारायला दवाखान्यात आले, हेही खरं.

आणि चांगुणाबाई? त्यांच्याकडं बाया अजून येतात. त्या सगळ्यांना सांगतात, "डाळिंबाच्या मुळाची साल हाय ती. झाड तुमच्या बी दारात आसंल. पन मी देत न्हाई, तुमी बी देऊ नका. डाक्टरकडं जा, आन् घरात कुनी काय दिलं असंल तर त्ये आधी सांगा." बाया निराश होतात. फुकटचं औषध गेलं म्हणून नव्हे, गुपित गेलं म्हणून. आपल्या लोकांना औषधापेक्षा गुपिताचा गुण जास्त येतो. वाचकहो, पोटातला जंत दिसत नाही, म्हणून त्याला बाहेर काढायला आपण इतकी धडपड करतो. पण घराघरांत न बोलण्याचाही एक जंत असतो. तो गुळावर वाढत नाही, मानावर वाढतो. सासूनं सुनेला, वैद्यानं रोग्याला, डॉक्टरांनी शिकलेल्या बाईला जे सांगायला हवं ते सांगितलं नाही, की तो माजतो, आणि एखाद्या दिवशी लेकराचा जीव मागतो. त्यावर औषध एकच आहे. नाव घ्यायचं. मोठ्यानं घ्यायचं.

मुळं खणायची थांबली तसं ते डाळिंब दोन वर्षांनी फळलं. पहिलं फळ चांगुणाबाईंनी तोडलं आणि लंकेच्या हातात दिलं. "छबूबाईला नेऊन दे," त्या म्हणाल्या. "तिच्यासंगट बसून खा."

लंका कुंपणापाशी जाऊन थांबली. मागं वळून तिनं विचारलं, "आजी, कुनी दिलं ते सांगू का नको?"

"वरडून सांग," चांगुणाबाई म्हणाल्या.